कात्र बोर्नमधलं कोपऱ्यावरचं दुकान, एका किराणावाल्याच्या नजरेतून

कांदा हातात घेतल्याबरोबर ओळखला. उन्हाळ कांदा, विटकरी रंगाचा, डबलपत्ती, मान नीट सुकलेली, चाळीत चार महिने काढून आलेला. शेजारी लाल जाळीची रिकामी गोणी पडली होती आणि तिच्या चिठ्ठीवर भारताचं नाव छापलेलं होतं.

मी लोणंदचा. आमच्याकडे कांद्याचा मोठा बाजार भरतो आणि त्या बाजाराच्या रस्त्यावर माझं किराणा-भुसाराचं दुकान होतं. चाळीस वर्षं मी ते चालवलं, आता पुतण्या बघतो. मुलगा मॉरिशसला एबेनमध्ये हिशेबाच्या कंपनीत नोकरीला आहे, राहायला कात्र बोर्नला. ऑगस्ट-सप्टेंबर 2025 मध्ये सहा आठवडे त्याच्याकडे होतो. त्याच्या घरापासून दोन मिनिटांवर कोपऱ्यात हे दुकान आहे. इथे अशा दुकानाला ‘लाबुतिक’ म्हणतात. मॉरिशस फिरायला जाणारे लोक समुद्रकिनाऱ्याबद्दल, हॉटेलांबद्दल लिहितात. मला दुकानातलं कळतं, म्हणून दुकानाबद्दल लिहितो. मुलाच्या ओळखीची बरीच मराठी मुलं नोकरीसाठी तिकडे जातात, त्यांना घर लावताना याचा उपयोग होईल.

दुकान पत्र्याच्या छपराचं, लाकडी फळ्यांच्या दारांचं. बाहेर गॅसच्या टाक्या साखळीने बांधलेल्या. आत काउंटर, काउंटरवर पावाची पेटी, मागे छतापर्यंत मांडण्या. एका बाजूला छोटी खोली आहे, तिथे संध्याकाळी कामावरून आलेली माणसं उभ्याने एक पेग रम घेतात आणि घरी जातात. मालक सत्तरीचे, चिनी वंशाचे, जन्म इथलाच. आजोबा चीनमधून आले, हाक्का नावाच्या चिनी समाजातले. आजूबाजूचे सगळे त्यांना ‘तोंतों’ म्हणतात, म्हणजे काका. क्रिओल म्हणजे इथली रोजची बोली, ती बोलतात, फ्रेंच बोलतात आणि माझ्याशी तोडकं हिंदी बोलत. जिथे आमचं अडायचं तिथे मुलाच्या शेजारच्या ताई मदतीला यायच्या. ताई प्राथमिक शाळेत मराठी शिकवतात. त्यांचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून आलेले. ताईंचं मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, ‘र’ मात्र फ्रेंच वळणाचा.

दुकानदाराची पहिली पारख मांडणी बघून होते. मी पहिले दोन दिवस काही न घेता नुसता माल कुठून आला ते वाचत होतो. दूध पावडर न्यूझीलंडची, मसूर ऑस्ट्रेलियाची, लसूण चीनचा, सफरचंद दक्षिण आफ्रिकेचं, बासमती पाकिस्तानचा आणि आपला, कांदा आपला. चहा मात्र इथला, बोआ शेरीच्या मळ्यातला, व्हॅनिलाचा वास असलेला. नूडल्स इथल्या, बिअर इथली, साखर इथली, अंडी आणि कोंबडी इथली. बाकी सगळं जहाजातून. गहू इथे पिकत नाही आणि तांदूळ नावापुरताच. मॉरिशस बेटाचं क्षेत्रफळ 1,865 चौरस किलोमीटर, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. एवढ्याशा जागेत गहू पिकवू, तेल काढू, ट्रक बनवू असं म्हणणं शक्यच नाही. जगाशी देवघेव हाच त्यांचा संसार. आपल्याकडे दुकानदार म्हणतो, ‘पाऊस झाला नाही तर भाव चढतील.’ तोंतों म्हणतात, ‘जहाज आलं नाही तर चढतील.’

भावाचं सांगतो. मॉरिशसचा एक रुपया म्हणजे मी होतो तेव्हा आपले साधारण एक रुपया नव्वद पैसे. नोटेवर तमिळ आणि देवनागरी अक्षरं दिसतात, त्यामुळे पहिल्या दिवशी उगाच आपलेपणा वाटतो. भाव ऐकला की तो जातो. कांदा, बटाटा, डाळ, तेल, साबण, सगळं आपल्यापेक्षा महाग, काही वस्तू तिप्पट. सुरुवातीला मला वाटलं तोंतों कापतात. म्हणून मी मुलाबरोबर मोठ्या सुपरमार्केटमध्ये जाऊन वीस वस्तूंचे भाव कागदावर लिहून आणले आणि ताडून पाहिले. तेल, साबण, डबाबंद मासे यांत सुपरमार्केट थोडं स्वस्त. पाव, रेशनचा तांदूळ, पीठ आणि गॅस यांत काडीचा फरक नाही, कारण त्यांचा दर सरकारने ठरवलेला. आणि सुटं पावशेर, अर्धा किलो घ्यायचं असेल तर तोंतोंच परवडतात. म्हणजे माणूस कापणारा नाही. माल इथे येईपर्यंतच महाग होतो: बोटीचं भाडं, विमा, बंदर, त्यावर 15 टक्के व्हॅट. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट डॉलरची. कोविडच्या आधी एका डॉलरला 36-37 मॉरिशस रुपये पडायचे, 2025 मध्ये 45 च्या वर. गहू तोच, डाळ तीच, पण दुकानदाराला घाऊक व्यापाऱ्याकडून येणारं बिल चौथ्या हिश्श्याने फुगलं. पगार तितके वाढतात का, हा त्या बेटावरच्या प्रत्येक घरातला प्रश्न आहे. 2018 साली पहिल्यांदा देशभर किमान वेतन लागू झालं तेव्हा ते सरकारी भत्ता धरून महिन्याला 9,000 रुपये होतं. 2025 ला ते 17,110 झालं. तोंतोंचं म्हणणं, वाढलेला पगार गल्ल्यापर्यंत येतो आणि गल्ल्यातून बोटीवर चढतो.

पावाच्या पेटीपाशी थोडा वेळ थांबा. सकाळी सहाला तिथे रांग असते. मी होतो तेव्हा 100 ग्रॅमचा साधा पाव 2 रुपये 60 सेंटना, आपल्या पाच रुपयांत. गहू बाहेरून, भट्टीचं इंधन बाहेरून, आणि तरी पाव पाच रुपयांत कसा, हे मला किराणावाला म्हणून पटेना. ताईंनी आणि मुलाने मिळून समजावलं. तिथे सरकारची एक व्यापारी संस्था आहे, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन, 1982 च्या कायद्याने झालेली. पेट्रोल-डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, रेशनचा तांदूळ आणि पीठ ती बाहेरून आणते. 2007 पासून दहाहून जास्त वर्षं त्यांचं पेट्रोल-डिझेल आपल्या मंगळूरच्या रिफायनरीतून जात होतं, हे मला तिथे जाऊन कळलं. आता हिशेब असा, की गाडीत पेट्रोल भरणारा प्रत्येक माणूस लिटरमागे जे पैसे देतो, त्यातला एक भाग गॅस, पीठ आणि तांदूळ स्वस्त ठेवायला जातो. मला ही व्यवस्था आवडली. आमच्या धंद्यात साखर आणि तूरडाळ जवळजवळ मुद्दलात विकायची आणि मसाल्यावर, साबणावर कमवायचं, ही जुनी रीत. गिऱ्हाईक साखरेसाठी दुकानात येतं, म्हणून साखरेचा भाव चढू द्यायचा नाही. या देशाने तीच रीत सरकारी पातळीवर धरली आहे. तोटा इतकाच, की श्रीमंतालाही पाव त्याच भावाने मिळतो आणि टॅक्सीवाल्यालाही पेट्रोलवर तेवढंच भरावं लागतं. कोणाला द्यायचं हे निवडता येत नाही.

आता कांद्याचं. यासाठीच हे सगळं लिहायला बसलो.

डिसेंबर 2023 मध्ये आपल्या सरकारने कांदा निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये 40 टक्के शुल्क लावलं होतं. त्या दिवसांत लोणंदला काय चाललं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. बंदीची बातमी आली आणि सौद्यात भाव धाडकन खाली. ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आलेली माणसं सौदा न करता परत जात होती. माझ्या दुकानात ज्यांची उधारी होती ते शेतकरी दुकानापुढून मान खाली घालून जायचे, आणि मीही हाक मारत नव्हतो. आमच्या मनात तेव्हा एकच बाजू होती, आपली. कांदा बाहेर गेला नाही म्हणजे शहरातल्या माणसाला स्वस्त मिळाला आणि शेतकरी मेला, एवढाच हिशेब.

तोंतोंना मी विचारलं, त्या वेळी इथे काय झालं? त्यांनी काउंटरखालून जुनी वही काढली. डिसेंबर-जानेवारीच्या पानांवर ‘झोन्यों’ या शब्दापुढे आकडे खोडून नवे लिहिलेले, आठवड्यात दोन-दोनदा. झोन्यों म्हणजे कांदा. दुसऱ्या देशांतून माल आला, पण तो महाग, पांढुरका, पाणीदार, आठ दिवसांत कुजणारा. ताई म्हणाल्या, ‘दादा, आमच्याकडे तेव्हा भाजीत कांदा मोजून घालायचो.’ क्रिओल स्वयंपाकात ‘रुगाय’ नावाचा टोमॅटोचा रस्सा रोजचा. तो कांद्याशिवाय होतच नाही.

मग फेब्रुवारी 2024 मध्ये भारत सरकारने मित्रदेशांना थोडा थोडा कांदा सोडला. बांगलादेशाला 50,000 टन, बहारीनला 3,000, भूतानला 560 आणि मॉरिशसला 1,200 टन. ही बातमी मी तेव्हा वाचली होती आणि पान उलटलं होतं. आता तोंतोंच्या काउंटरवर बोटांवर हिशेब केला. 1,200 टन म्हणजे 12 लाख किलो. माणसं साडेबारा लाख. माणशी एक किलो कांदाही नाही. आणि 12 लाख किलो म्हणजे 12,000 क्विंटल. लासलगावला भर हंगामात एका दिवसात याहून जास्त आवक होते. आपल्या एका बाजार समितीच्या एका दिवसाच्या मालासाठी एक अख्खा देश अडीच महिने वाट बघत होता. तांदळाचंही तसंच झालं. जुलै 2023 मध्ये आपण बिगर-बासमती पांढरा तांदूळ बंद केला आणि ऑगस्टअखेर मॉरिशससाठी 14,000 टन वेगळे सोडले. त्याचे माणशी अकरा किलो होतात.

कांद्याची बंदी 4 मे 2024 ला उठली, तरी किमान निर्यात दर आणि शुल्क राहिलंच. शुल्क पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. मी दुकानात पाहिला तो कांदा त्यानंतरचा. पण तोंतोंनी एक गोष्ट सांगितली ती मला रात्रभर लागून राहिली. ते म्हणाले, आता मी एकाच देशाचा कांदा भरत नाही. दोन गोण्या भारताच्या घेतल्या तर एक दुसऱ्या कुठली तरी घेतोच, महाग असली तरी. गिऱ्हाईक कुरकुर करतं, तरी घेतो. हे कोणा मंत्र्याचं बोलणं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं आहे, आणि बाजार असाच सुटतो. एकदा गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढलं की परत येतं, पण पहिल्यासारखं सगळा बाजार घ्यायला येत नाही. लोणंदला मी हे शंभर वेळा पाहिलंय. आपल्या शेतकऱ्याचं नुकसान बंदीच्या पाच महिन्यांत झालं त्याहून जास्त या तिसऱ्या गोणीत आहे, असं मला मनापासून वाटतं, आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही.

या दुकानातली सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे ‘कार्ने’. उधारीची छोटी वही. प्रत्येक घराची एक, काउंटरमागे दोरीला अडकवलेली. पूर्वी मळ्यावरच्या मजुराला ऊसतोडीच्या हंगामात, जून ते डिसेंबर, बरे पैसे मिळायचे. मधल्या महिन्यांत घर चालायचं ते चिनी दुकानदाराच्या उधारीवर. ताईंचे वडील पश्चिमेकडच्या मळ्यावर होते. त्या म्हणाल्या, ‘आमच्या घरी देवाच्या फळीवर दोनच गोष्टी असायच्या, गणपती आणि कार्ने.’ पीक चक्रीवादळात गेलं तर वही पुढच्या हंगामापर्यंत चालायची. दुकानदाराने नाही म्हटलं असतं तर चूल पेटली नसती. आमच्याकडेही कांदा विकल्यावर उधारी फिटायची. माझ्या खतावणीत आणि त्यांच्या कार्नेत फरक फक्त लिपीचा.

त्या देशाची सगळी गोष्ट त्या वहीत वाचता येते. 1968 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग साखर. त्याआधी 1961 मध्ये जेम्स मीड नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने, ज्यांना पुढे नोबेल मिळालं, अहवाल दिला होता की माणसं वाढतायत, एकच पीक आहे, या बेटाचं भवितव्य कठीण आहे. एका पिकावरचं गाव कसं असतं ते मला नव्याने सांगायला नको. पण या लोकांनी 1970 मध्ये कायदा केला: परदेशी कारखानदाराने कच्चा माल बिनजकातीचा आणावा, इथे शिवावा, बाहेर विकावा. हाँगकाँगचे लोक आले. ताईंची आई क्युरपिपकडच्या एका स्वेटरच्या कारखान्यात लागली. लोकर बाहेरची, मशीन बाहेरचं, गिऱ्हाईक युरोपातलं, फक्त हात इथले. लगेच सुबत्ता आली असं नाही. 1979 आणि 1981 मध्ये रुपयाचं मूल्य उतरवावं लागलं, ऐंशीच्या सुरुवातीला पाचातला एक माणूस बेकार होता. पण नव्वद सालापर्यंत कारखान्यांना माणसं मिळेनाशी झाली. ताई म्हणाल्या, आईला पहिला पगार मिळाला त्या महिन्यात त्यांच्या कार्नेतलं पान पहिल्यांदा कोरं राहिलं. तोंतोंनी मान हलवली. तेव्हा ते गल्ल्यावर वडिलांच्या हाताखाली होते.

साखरेलाही तेव्हा आधार होता. 1975 पासून युरोप दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावाने घ्यायचा. ते 2009 मध्ये संपलं. कपड्याच्या देशवार कोट्याची व्यवस्था 1 जानेवारी 2005 ला संपली आणि हाँगकाँगवाले चीनकडे गेले. दोन्ही खांब पाच वर्षांत हलले. एकेकाळी विसावर साखर कारखाने होते, आता तीन. मला वाटलं होतं असा देश कोसळायला हवा. कोसळला नाही, कारण तोवर पर्यटन होतं, बँका आणि एबेनसारख्या ठिकाणची कंपन्यांच्या हिशेबाची कामं होती. माझ्या मुलाची नोकरी त्यातलीच. भारताशी 1983 पासून लागू असलेल्या कराराने मॉरिशसमधून भारतात गुंतवणूक करणाऱ्याला शेअरच्या नफ्यावर भारतात कर बसत नसे, म्हणून जगाचा पैसा या बेटावरून मुंबईला जायचा. 2016 मध्ये तो करार बदलला. मुलगा म्हणतो, काम कमी झालं पण थांबलं नाही, आता आफ्रिकेकडचं काम वाढतंय. मला त्या धंद्याबद्दल मनात शंका आहे, ती त्याच्याकडे बोलून दाखवली. ज्या पैशाला माल नाही, गोणी नाही, तो पैसा एका सहीने दुसऱ्या बेटावर जातो.

साखर घ्यायची असेल तर पांढरी घेऊ नका. तोंतोंकडे काळपट, ओलसर, काकवीच्या वासाची साखर मिळते, मस्कोवाडो. युरोपची हमी गेल्यावर या लोकांनी अशी खास साखर विकण्यावर भर दिला आणि ती चढ्या भावाने जाते. मी तिचा शिरा केला, घरात गूळ केल्यासारखा वास सुटला. येताना दोन किलो आणली. आमच्या नीरा-फलटण पट्ट्यातल्या कारखान्यांच्या मंडळींनी ती एकदा चाखून बघावी.

आता जिथे दुकान कमी पडतं ते. वजनकाटा इलेक्ट्रॉनिक आहे, पण आकडा दिसणारी बाजू मालकाकडे. हे मला अजिबात चालत नाही. मी तिसऱ्या दिवशी ताईंना सांगून तोंतोंना तसं स्पष्ट बोललो, दुकानदार म्हणून बोललो. त्यांना राग आला, चेहऱ्यावर दिसला. दुसऱ्या दिवशी काटा आडवा ठेवलेला होता, दोघांनाही दिसेल असा. माप बरोबरच होतं, मी घरी तपासलेलं, पण गिऱ्हाईकाला दिसलं पाहिजे. दुसरं, मागच्या मांडणीवरचे डबे तारीख बघून घ्या. मला दूध पावडरीचं पाकीट मुदत संपायला नऊ दिवस असताना मिळालं, परत दिल्यावर कटकट न करता बदलून दिलं. जहाजावर अवलंबून असलेला दुकानदार माल जास्त भरतो आणि त्यातला काही शिळा होतो, हे मला समजतं. तरी जुना माल पुढे लावायची शिस्त हवी. तिसरं, डॉलर चढला की भाव त्याच आठवड्यात चढतात, उतरला की महिना लागतो. हा दोष माझ्याही दुकानात होता, पण दोष तो दोषच. आणि संध्याकाळी सहानंतर रमच्या खोलीमुळे बायका दुकानात यायचं टाळतात. ताईही आपल्या मुलाला पाठवतात. ती खोली दुसरीकडून उघडता आली असती.

संध्याकाळीच बांगलादेशी कामगार येतात. कापड कारखान्यांत आता स्थानिक माणसं मिळत नाहीत, म्हणून बांगलादेश, मादागास्कर, भारत इथून माणसं आणतात. त्यांच्यासाठी तोंतोंनी मोहरीचं तेल आणि सुक्या मिरच्या ठेवायला सुरुवात केली आहे. त्यांनाही ते कार्ने देतात, फक्त महिन्याभराचं, कारण ही पोरं करार संपला की जातात. एका पोराने माझ्यासमोर हिशेब चुकता करून वही परत दिली, दुसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं. तोंतोंनी त्याला बिस्किटाचा पुडा दिला, पैसे घेतले नाहीत. माझ्या वडिलांनी दुकान चालवलं तेव्हा तेही असंच करायचे, आणि तेव्हा मला ते समजत नसे.

कोविडचं ऐकण्यासारखं आहे. मार्च 2020 मध्ये बेटाने सगळं बंद केलं, दुकानंसुद्धा. लोकांनी आहे त्यात नऊ-दहा दिवस काढले. 2 एप्रिलपासून आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे दिवस ठरले, कोणाला सोमवार-गुरुवार, कोणाला मंगळवार-शुक्रवार, बाकीच्यांना बुधवार-शनिवार. तोंतोंनी तेव्हा कार्नेच्या वह्या अक्षरांप्रमाणे लावल्या, त्या अजून तशाच आहेत. विमानं बंद, पर्यटक बंद, परदेशी चलन बंद. देश 2021 च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा पूर्ण उघडला. मधल्या काळात हॉटेलांत काम करणारी चार घरं त्यांच्या वहीवर जगली, त्यातल्या एकाचा हिशेब 2023 ला पुरा झाला. सरकारनेही कर्ज काढून लोकांचे पगार चालू ठेवले. देशाचं एकूण कर्ज 2025 मध्ये वर्षभराच्या उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणून जून 2025 च्या अर्थसंकल्पात, साठीला सर्वांना मिळणारं पेन्शन हळूहळू पासष्टीवर न्यायचं ठरलं. ताई अठ्ठावन्नच्या. दोन वर्षांनी मिळतील म्हणून धरलेले महिन्याचे 15,000 रुपये आता पुढे गेले. हा विषय निघाला त्या दिवशी त्या दुकानात गप्प उभ्या होत्या. छोट्या देशात कर्ज म्हणजे पेपरातला आकडा राहत नाही, तो ओळखीच्या माणसाच्या घरात जातो. मी त्यांना काय बोलणार? मला आपल्याकडे पेन्शनच नाही.

तुम्ही तिकडे नवीन राहायला गेलात तर माझा सल्ला: महिन्याचं तेल-साबण सुपरमार्केटमधून भरा. भाजी बुधवारी-शनिवारी कात्र बोर्नच्या बाजारातून घ्या. गुरुवारी-रविवारी तिथेच कपड्यांचा बाजार असतो, निर्यातीतून उरलेले चांगले शर्ट मिळतात. पाव, गॅस, कांदा, डाळ, साखर, चहा या दुकानातून. आणि पहिल्या महिन्यात रोख देऊन ओळख करून घ्या, मग कार्ने मागा. लगेच मागितलं तर तोंतों देणार नाहीत, आणि ते बरोबर आहे. गुरुवारी दुपारनंतर दुकान बंद असतं, त्या भागातली बरीचशी दुकानं बंद असतात. पावती हवी असेल तर मागून घ्यावी लागते.

निघायच्या आदल्या आठवड्यात कांदा संपला. जहाज लांबलं होतं. गोणीत तळाला चार-पाच कांदे उरलेले, तेही मोड आलेले. मी रिकाम्या हाताने परत फिरलो तर तोंतोंनी हाक मारली आणि काउंटरखालून वर्तमानपत्रात बांधलेली पुडी काढली. त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवले होते, वहीवरच्या प्रत्येक घरासाठी एक एक किलो. मी विचारलं, भाव वाढवून आज दुसऱ्यांना का नाही विकले? त्यांनी दोरीला लटकलेल्या वह्यांकडे बोट दाखवलं. पुडी सोडून पाहिली. चांगले निवडलेले, कोरडे, लाल कांदे होते. मुलाच्या कार्नेत त्यांनी एक किलो लिहिलं, भाव मागच्याच आठवड्याचा.